चहाचं उद्यापन

मला फक्त एक प्रश्न विचारायचा होता. तोही फोनवर, हळू आवाजात, पलीकडच्या माणसाची जेवणाची वेळ टळली असेल याची खात्री करून. त्या एका प्रश्नापायी पुढे ईल माशांची तळी असलेला एक गृहस्थ काळा कोट घालून गावात आला, माझ्या मुलीने माझ्याशी बोलणं टाकलं, मठातल्या आचार्यांनी माझी पुस्तकं मागून घेतली ती अजून परत दिलेली नाहीत, आणि चहाच्या जत्रेत भर मांडवात माझ्या हातात माईक आला. यातलं काहीही मी मागितलेलं नव्हतं.

मी नेमधर्म पाळणारी बाई आहे. सकाळी पहिलं पाणी आणि पहिला भात पूर्वजांच्या देव्हाऱ्यात, मग सूत्रपठण, मग कोपऱ्यावरच्या दगडी जिझो बोधिसत्त्वाला नमस्कार. त्याचा लाल गळपट्टा मळला की धुऊन वाळवून पुन्हा बांधणं हेही माझ्याकडेच आहे. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. मोठेपणाच मिरवायचा असता तर शेजारच्या ओकुमुरा-सानच्या कानावर घातलं असतं, म्हणजे गावाला निराळं सांगावं लागलं नसतं.

तर या नेमांपैकीच एक म्हणजे मी चहा सोडला होता. मनात काही धरलं की आमच्याकडे चहा सोडतात. कुणाचा नवरा आजारी असतो, कुणाच्या नातवाची परीक्षा असते. इच्छा पुरी होईपर्यंत चहाचा थेंब ओठाला लावायचा नाही. आणि कशासाठी सोडला ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की नवस विरतो, असं माझी आई म्हणायची, आणि आईचं म्हणणं खोटं पाडून पाहावं इतकी मी धीट नाही.

एरवी ही साधी गोष्ट. पण आमचं गाव ओइ नदीच्या वरच्या अंगाला. इथे डोंगर म्हणजे चहा आणि उतार म्हणजे चहा. शाळेत मुलांसाठी एका नळाला पाणी येतं आणि दुसऱ्याला चहा. त्यातून आमचे हे, म्हणजे शिगेमित्सु मोचिझुकी, गावच्या चहा संघाचे मुख्य कारागीर. पानं वाफवायची किती, वळायची कशी, सुकवायची कुठवर, हे सगळं ह्यांच्या तळहातावर अवलंबून. अशा घरात बसून मी गरम पाणी पीत होते. मिठागराच्या मालकिणीने जन्मभर अळणी जेवावं तसं.

ह्यांनी कधी कारण विचारलं नाही. हे मुळातच बोलत नाहीत. ह्यांचा सगळा संसार 'हं' या एका अक्षरावर चालतो. भूक लागली तरी हं, छत गळलं तरी हं. सुरुवातीला मला ते सगळे सारखेच वाटायचे. आता मी अंधारातसुद्धा एक 'हं' दुसऱ्यापासून ओळखते.

मे महिन्यात नवा चहा निघाला की पहिली मूठ हे घरी आणतात. पाणी उकळून निवत ठेवतात, किटलीत पानं उलगडायची वाट पाहतात, शेवटचा थेंब झटकून कप माझ्यापुढे ठेवतात. मी तो कपाळाला लावते, उठते आणि देव्हाऱ्यात पूर्वजांपुढे नेऊन ठेवते. मागून 'हं' ऐकू येतो. आमच्या पूर्वजांनी गेल्या कित्येक वर्षांत फार उत्तम चहा प्यायला आहे.

चहासोबतचा मांजू तेवढा उरतो. तांबड्या घेवड्याचं गोड पुरण भरलेला तो वाफाळता उंडा. आमच्या लग्नात नवरदेव सापडेना तेव्हा हे मांजूच्या परातीपाशी सापडले होते. पण वयाबरोबर जीभ बदलते. ह्यांना हल्ली गोड चालत नाही, त्यामुळे ह्यांच्या वाटचा मांजू ओकुमुरा-सानना जातो. त्यांना कशालाही नाही म्हणायची सवय नाही.

आता मी चहा कशासाठी सोडला तेही सांगून टाकते. आता सांगायला हरकत नाही, का ते पुढे येईलच.

दाढ दुखत होती म्हणून मी दंतवैद्याकडे गेले होते. तिथे बाकावर एक मासिक पडलेलं होतं, शाळकरी मुली वाचतात तसलं, मुखपृष्ठावर टपोऱ्या डोळ्यांची माणसं. नंबर यायला वेळ होता. मी उघडलं. चित्रकथेचं नाव 'पाव अजून गरम आहे.' कुनिहिको नावाचा एक पाववाला आणि मियाको नावाची व्हायोलिन शिकवणारी मुलगी. कुनिहिको तिला एकदा, एकदाच, विचारतो. ती म्हणते, "विचार करून सांगते." तेव्हापासून तो रोज पहाटे ताजा पाव तिच्या दारात नेऊन देतो आणि पुलावरून परत जातो. पुन्हा विचारत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. दुसऱ्यांदा विचारतो तो प्रियकर नव्हे, वसुलीवाला. मियाकोही संस्कारी. पाव दोन्ही हातांनी घ्यायची, वाकून नमस्कार करायची आणि आत नेऊन वडिलांच्या तसबिरीपुढे ठेवायची.

त्या अंकात बेकरीला आग लागून कुनिहिकोचे हात भाजले होते. तरी तो पट्ट्या बांधलेल्या हातांनी पाव घेऊन निघालेला. पानाच्या तळाशी छापलं होतं, 'पुढील अंकात: अखेर मियाकोचं उत्तर.' माझी दाढ ठणकत होती. दाढ ठणकत असताना माणसाने कुठलाही निश्चय करू नये. घरी येताना मी जिझोपुढे हात जोडले आणि म्हटलं, याला होकार मिळेपर्यंत मी चहा घेणार नाही. एका महिन्याचा तर प्रश्न होता.

पुढच्या अंकात मियाकोने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दारात तिचे व्हिएन्नाचे गुरुजी उभे राहिले. मग ती व्हिएन्नाला गेली. मग परत आली. मग चित्रकथा काढणाऱ्या बाईंचं मनगट धरलं. मग ते मासिकच बंद पडलं आणि गोष्ट दुसऱ्या मासिकात गेली, जे तीन महिन्यांतून एकदा निघतं. मी नवस केला तेव्हा आमची चिसातो शाळेच्या गणवेशात होती. आता ती हामामात्सुला पाणीपुरवठा खात्यात साहेबीण आहे, आणि मियाको अजून विचार करत होती.

या वर्षी एप्रिलमध्ये हे जेवता जेवता थांबले. म्हणाले, "यंदा शेवटचा."

संघातून हे निवृत्त होणार ते मला माहीत होतं. मी भात वाढला.

"घोटभर घेशील?"

लग्न झाल्यापासून ह्यांनी मला विचारलेल्या प्रश्नांमध्ये हा सर्वांत लांब होता. मी 'हो' म्हणू शकले नाही, कारण नवस. 'नाही' म्हणू शकले नाही, कारण ह्यांचे हात. चहा वळून वळून ह्यांच्या तळहातावरच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत. मी वाडगा हातात घेऊन तशीच बसले. ह्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाले, "हं." हा 'हं' मी आधी कधी ऐकला नव्हता.

म्हणून मी फोन केला. नव्या चहाआधी कुनिहिकोचं काय ते होणार की नाही, एवढंच कळलं असतं तर पुरे होतं.

"नमस्कार. आपल्याला त्रास देते आहे. मियाको-सान कुनिहिको-सानना होकार कधी देणार, तेवढं सांगता का?"

पलीकडे एक तरुण होता. "आपल्या स्नेहाबद्दल संपादक मंडळ अंतःकरणपूर्वक आभारी आहे," तो म्हणाला. "कथानकाविषयी मात्र आम्हाला काही सांगता येत नाही."

"कथानक नकोच मला. फक्त तारीख सांगा. मेच्या आधी की नंतर."

"तारीख हेच कथानक आहे, बाईसाहेब."

त्याने मला त्याच्या वरच्या माणसाकडे दिलं. वरच्याने तेच उत्तर अधिक नम्रपणे दिलं आणि त्याच्या वरच्याकडे दिलं. जसजशी मी वर जात होते तसतशी नम्रता वाढत होती आणि माहिती कमी होत होती. शेवटच्या माणसाने इतक्या आदराने काहीच सांगितलं नाही की मीच त्याची माफी मागितली. आणि मग, आयुष्यात कधी चढला नव्हता तो माझा आवाज किंचित चढला. "अहो, वय निघून चाललं मुलीचं. हे लग्न व्हावं म्हणून मी चहा सोडून बसलेय, तो काय जन्मभर?"

नाव सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे नवस मोडला नाही अशी मी समजूत घालतेय तोच मागे दाराशी काहीतरी सरकलं. ओकुमुरा-सान वस्तीतलं फिरतं सूचनापत्र छातीशी धरून उभ्या होत्या.

"मोचिझुकी-सान," त्या म्हणाल्या, "मला सगळं कळलं."

ज्याला सगळं कळलेलं असतं त्याला पुढे काही सांगता येत नाही.

"चिसातोसाठी ना? आईची माया हो. आणि मी मेली समजत होते की तुमचं पोट नाजूक आहे."

मी तोंड उघडलं. पण 'नाही' म्हटलं असतं तर 'मग कुणासाठी?' हा प्रश्न चपला काढून घरात शिरायला तयारच होता. मी तोंड मिटलं.

"घाबरू नका. माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही."

आणि त्यांनी शब्द पाळला. तोंडून काढला नाही, लिहिला. ते सूचनापत्र पुढच्या घरी गेलं तेव्हा कचऱ्याचे वार आणि रानडुकरांपासून सावधानता यांच्या खाली एक चिठ्ठी डकवलेली होती: 'मोचिझुकी-सान यांच्या घरच्या एका शुभकार्यासाठी सर्वांनी डोळे उघडे ठेवावेत. आईने चहा सोडला आहे.' पत्र वाचलं याची खूण म्हणून प्रत्येक घर खाली आपला शिक्का उमटवतं. फिरून माझ्याकडे आलं तेव्हा सगळ्या वस्तीचे शिक्के नीट ओळीत होते. मीही माझा मारला. न मारून चाललं नसतं, पत्र पुढे गेलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. केशकर्तनालय चालवणारी तामाए म्हणाली, मुलीने कपाळावर केस सोडावेत, कपाळ दिसलं की पुरुष बिचकतात. कुणी विचारलं, तिच्या खोलीत पलंगाचं डोकं कुठल्या दिशेला आहे. एका म्हातारीने कोल्ह्याच्या देवळात तळलेला टोफू ठेवायला सांगितला, आणि मी ठेवला नाही असं कळल्यावर माझ्या नावाने स्वतःच ठेवून आली. स्थळंही आली. पहिलंच विधुर दंतवैद्याचं. ज्याच्या बाकावर हे सगळं सुरू झालं तोच. हा मात्र न्यायच म्हणायचा.

मी प्रत्येकासमोर वाकले, प्रत्येकाला चहा केला आणि स्वतः गरम पाणी घेतलं. त्यांनी एकमेकांकडे पाहून डोळे पुसले. चुकीच्या कारणासाठी कुणी आपल्याला थोर समजत असलं की माणसाला स्वतःच्याच घरात उसनं आल्यासारखं होतं.

मग नागुरा-सान आले. हे वस्तीचे अध्यक्ष. नगरपालिकेतून निवृत्त झाले, पण नगरपालिका अजून त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही.

"वहिनी," ते बसता बसता म्हणाले, "ही आता खासगी बाब राहिली नाही."

"पण मी कुणाला काहीच बोलले नाही."

"तोच तर मुद्दा. यंदा जत्रेला प्रांताच्या कचेरीतून पाहुणे येताहेत. चहा प्यायल्याने माणूस निरोगी राहतो, असा फलक आपण लावणार. आणि मुख्य कारागिराची बायको गरम पाणी पिते. हे वर कळलं तर?"

"इतकी वर्षं पितेय. कुणाला कळलं नाही."

"इतकी वर्षं ते शिक्क्यानिशी नव्हतं." त्यांनी घसा साफ केला. "तर समितीने असं ठरवलंय, की मोचिझुकी-सानांचा निरोपाचा चहा व्यासपीठावर व्हावा आणि पहिला घोट तुम्ही घ्यावा. तोवर मुलीचं ठरवून टाका."

"असं कसं ठरवून टाकू?"

"प्रत्यक्ष ठरायलाच हवं असं नाही. ठरल्यात जमा आहे असं धरलं तरी समितीला चालेल."

मी कोपऱ्यात बसलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे नखं कापत होते.

त्या रविवारी चिसातो आली. बूट न काढता दारातच उभी राहिली, तेव्हाच मी ओळखलं.

"आई, एक माणूस माझ्या ऑफिसात ईल घेऊन आला."

"ताजी होती का?"

"आई."

"नाही, उन्हाचे दिवस आहेत म्हणून विचारलं."

"कागेयामा नाव आहे त्याचं. तळी आहेत म्हणे स्वतःची. माझ्या टेबलासमोर कमरेत वाकून उभा राहिला. सगळा विभाग बघतोय. म्हणाला, तुमच्या मातोश्रींच्या त्यागाने मी भारावलो." तिने बॅग खाली ठेवली. "माझं लग्न व्हावं म्हणून तू चहा सोडलास?"

"नाही गं."

"मी शाळेत असताना सोडलास तू चहा. मला आठवतंय. म्हणजे तेव्हाच तुझी खात्री झाली होती की हिचं काही जमायचं नाही?"

"तुझ्यासाठी नाही सोडलेला."

"मग कुणासाठी?"

मी वाकून तिची बॅग सरळ केली.

"बाबांना काही झालंय का? खरं सांग."

"त्यांना काय होतंय. धडधाकट आहेत."

"मग सांग ना."

"सांगता येत नाही. सांगायचं नसतं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती थकबाकीदारांकडे पाहत असेल. "बाबांच्या जत्रेला येईन. त्यांच्यासाठी," म्हणाली आणि गेली. रोज संध्याकाळी येणारा तिचा फोन त्या दिवसापासून बंद झाला.

मी मठात गेले. आचार्य एन्काई अंगण झाडत होते. मी म्हटलं, "एका बाईने एक नवस केलाय. पण ज्याच्यासाठी केला तो माणूस खरा नाही."

"म्हणजे खोटारडा?"

"म्हणजे कागदावरचा. चित्रातला."

ते झाडूवर रेलले. "तुम्ही ज्याला गळपट्टा बांधता तो जिझो दगडाचा आहे," ते म्हणाले. "त्याला थंडी वाजते का?"

"नसावी वाजत."

"मग का बांधता?"

"बांधते आपली."

"तसंच ते. कुणासाठी ते जिझो पाहत नाही, नेम पाहतो. त्या बाईला सुटका नाही. माणूस चित्रातला असला तरी होकार खराच लागेल." त्यांनी पानांचा ढीग केला. "पण होकार म्हणजे काय, ते मूळ ग्रंथ पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. त्या बाईला म्हणावं, आणून द्या."

मी कापडात बांधून सगळे भाग नेऊन दिले. नाव त्या बाईचंच सांगितलं होतं, त्यामुळे नवस शाबूत. पुढच्या वेळी सूत्रपठण संपताच आचार्य माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "व्हिएन्नाला जाते ती मनापासून जाते का?" मी म्हटलं, पुढे वाचा. त्यांच्या पत्नीने मला वाटेत थांबवून विचारलं, की तुम्ही ह्यांना कसला ग्रंथ दिलात, संध्याकाळची घंटा वाजवायला विसरतात.

जत्रेच्या आदल्या दिवशी मासिकाचा नवा अंक यायचा होता. आमच्या गावात मला तो विकत घेता आला नसता. मी नदीच्या खालच्या गावी गेले आणि बागकामाच्या मासिकात गुंडाळून आणला. घरापर्यंत धीर निघाला नाही. स्टेशनच्या बाकावरच उघडला. मुखपृष्ठावर लिहिलं होतं, 'अंतिम भाग.'

त्यात होकार नव्हता.

मी पान उलटलं, मागे जाहिरात होती. टाचण्यांपाशी पान फाटलंय का पाहिलं. नाही. कुनिहिकोचे केस कानशिलावर पांढरे झालेले. तो नेहमीसारखा पहाटे पाव देतो आणि वळतो. मियाको नेहमीसारखी दोन्ही हातांनी घेते. एवढंच, की ती आत जात नाही. उंबऱ्यातच उभी राहून पावाचा लचका तोडते. तिच्या हनुवटीवर भुगा. पुलावर कुनिहिको मागे वळून पाहतोय. समाप्त.

इतक्या वर्षांत तिने तो पाव एकदाही खाल्ला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. बाकावर एकटीच होते म्हणून बरं. मला कसंतरीच झालं आणि का झालं ते कळेना. गाडी आली, थांबली आणि मला न घेता निघून गेली.

जत्रेच्या दिवशी लख्ख ऊन होतं. मांडवात पुढे पाहुणे, मागे अख्खं गाव. व्यासपीठावर ह्यांची शेगडी आणि किटली, माझ्यासाठी बसकर, मांजूची परात, आणि समितीच्या सदस्या म्हणून परातीच्या शेजारी ओकुमुरा-सान. पहिल्या रांगेत आचार्य. एका टोकाला चिसातो. दुसऱ्या टोकाला काळ्या कोटातला एक रुंद, घामेजलेला मनुष्य, मांडीवर डबा. तो कागेयामा असणार हे डब्यावरून कळलं.

नागुरा-सान चहाच्या इतिहासापासून सुरू झाले आणि बऱ्याच शतकांनी आमच्यापर्यंत पोचले. "आणि ज्या आईने लेकीसाठी चहाचा त्याग केला, ती आज पहिला घोट घेईल. कारण चिसातो-सानचा विवाह ठरल्यात जमा असल्यामुळे..."

चिसातो उठून उभी राहिली. "ठरलेला नाही," ती शांतपणे म्हणाली.

कागेयामाही उठला. खोल वाकला. "माझ्याकडून ठरलेला आहे," तो म्हणाला. "पण घाई काही नाही. विचार करून सांगा." आणि बसला.

मांडवात खसखस पिकली. नागुरा-सान कागद चाळू लागले. त्यात पुढचं काही सापडेना, तेव्हा त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

माझा आवाज मुळातच लहान. माईकमुळे तो दुसऱ्याच कुणाचा वाटायला लागला. मी म्हटलं, "माझ्या मुलीसाठी मी चहा सोडलेला नाही. तिला उगाच त्रास झाला. मी सोडला तो एका चित्रकथेतल्या माणसासाठी. त्याला होकार मिळावा म्हणून. गोष्ट संपली, म्हणून आता सांगते."

प्रांताच्या कचेरीतले पाहुणे फलकाकडे पाहू लागले. ह्यांनी किटलीतला शेवटचा थेंब झटकला आणि कप माझ्यापुढे ठेवला. मी खाली पाहत राहिले. माझी आयुष्यभराची सोज्वळ अब्रू त्या कपाच्या तळाशी दिसत होती.

तेवढ्यात मागून तामाएचा आवाज आला. "कोण? पाववाला का?"

मी मान वर केली.

"कुनिहिको?" दुसरी कुणीतरी म्हणाली. "संपली ती गोष्ट? तामाए, तुझ्याकडे आलाच नाही की गं अंक."

"कालच निघाला. मी आणायला जाणार होते, जत्रेत अडकले."

"मग? हो म्हणाली का ती?"

"शेवट सांगू नका," पहिल्या रांगेतून आचार्य म्हणाले. "मी अजून व्हिएन्नातच आहे." पण त्यांना कुणी जुमानलं नाही.

"हो असं नाही म्हणाली," मी माईकमध्ये म्हटलं. "काहीच नाही म्हणाली. तिने पाव खाल्ला."

मागच्या रांगा पुढे सरकल्या.

"खाल्ला?" ती टोफूवाली म्हातारी म्हणाली. "तसबिरीपुढे नाही ठेवला?"

"नाही. उंबऱ्यात उभी राहून खाल्ला."

"त्याच्यादेखत?"

"त्याच्यादेखत."

"मग झालं की," तामाए म्हणाली. "आता आणखी काय तोंडाने बोलायचं राहिलंय?"

बायकांच्या रांगेतून एकमताचा हुंकार आला. नागुरा-सानांनी सवयीने वर झालेले हात मोजले. चिसातो तोंडावर रुमाल धरून हलत होती. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती.

तर होकार झाला होता. मी कप दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि उठले. उठून घराच्या दिशेला, देव्हाऱ्याकडे वळले. पाय आपोआपच निघाले होते. वळले तेव्हा समोर हे होते. हातात किटली घेऊन उभे होते, जसे दर वर्षी उभे असतात. दर वर्षी हे असे उभे असतात, हे मला ठाऊक नव्हतं. त्या वेळी माझी ह्यांच्याकडे पाठ असते.

मी तिथेच, उभ्या उभ्या, चहा प्यायले.

"कसा आहे?" ह्यांनी विचारलं.

या सगळ्या चर्चेत चहा पार निवला होता. "गार झालाय," मी म्हटलं.

"हं," हे म्हणाले. मग वाकले, परातीतला एक मांजू उचलला आणि खाल्ला.

ओकुमुरा-सानांचा हात परातीवर अधांतरी राहिला. "अहो मोचिझुकी-सान, तुम्हाला गोड चालत नाही ना?"

ह्यांनी नीट चावून गिळलं. "आजपासून चालतं," म्हणाले, आणि दुसरा उचलला.

मला वेळ लागला. ह्यांनी गोड कधी सोडलं ते मी आठवायला लागले, आणि जिथे जाऊन पोचले तिथे माझी दाढ ठणकत होती.

"अहो," मी माईक खाली ठेवून विचारलं, "तुम्ही मांजू सोडला होतात? माझ्या चहासाठी? मग कधी बोलला नाहीत ते?"

हे माझ्याकडे पाहत राहिले, नेम न कळणाऱ्या माणसाकडे पाहावं तसे. "सांगायचं नसतं," म्हणाले.

मग ह्यांनी शेगडीवर पुन्हा पाणी ठेवलं. नागुरा-सान म्हणाले, वेळ झाली, पुढे ढोलवाले थांबलेत. ह्यांनी निखारे फुंकले. पाणी उकळलं, निवलं, पानं उलगडली. ह्यांनी दोन कप भरले आणि या खेपेला उभे न राहता माझ्या शेजारी बसकरावर बसले.